जास्वंदीवरचा मावा मेला

आई,

तुम्ही देवळातून याल तेव्हा मी घरात नसेन, लॅबला पळतेय. चहा गाळून ठेवलाय, फक्त गरम करा.

जास्वंदीला आज हात लावू नका. देवाला बाजारातली फुलं चालतील. पानांखाली बघा, सगळा मावा मेलाय आणि त्याच्यावर पांढरी लव आलीय. ती माझी बुरशी आहे, भातावर वाढवलेली. मी फ्रिजमध्ये ठेवलेल्या पिशवीतला तो भात तुम्ही नासका समजून कुंडीत पुरलात, "चांगली पिशवी कित्याक टाकूची" म्हणत पिशवी विसळलीत आणि ते पाणी जास्वंदीवर शिंपडलंत. अहो, आम्हीही तेच करतो. भात धुवायचा आणि ते पाणी पिकावर फवारायचं. लॅबमधल्या रोपांवर एकदाही जमलं नव्हतं, सर प्रोजेक्ट बंदच करायला निघाले होते. आता एक फांदी नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवते. विषारी औषधाचा थेंब नाही आणि कीड साफ.

त्या दिवशी भात पुरल्यावरून मी तुम्हाला जे बोलले, ते तुमच्या लेकाला अजून सांगितलं नसेल तर सांगू नका ना.

संध्याकाळी भाताची नवी पिशवी घेऊन येतेय. विसळायची तुम्हीच.

पूर्वी