सीता स्वयंवर, ड्रॉपरच्या रबरासह

१५ जानेवारी १९८८, पोंगल
कृष्णवेणीचा भाऊ वेंकटेश सिंगापूरहून आला. मला वॉकमन आणला. मी मागितला नव्हता. पत्रांतून फक्त अधूनमधून उल्लेख केला होता.
यंत्र उत्तम. इयरफोन मात्र सुपारीएवढे, थेट कानाच्या भोकाशी टेकवायचे. नुसते टेकतात, राहत नाहीत. मान हलवली की खांद्यावर. शिवाय आवाज असा, की शेजारच्या घरात गाणे चालू आहे आणि त्यांनी दार लावले आहे. वेंकटेश म्हणाला, भावजी, जपानी कानाच्या मापाचे असतील. म्हणजे दोष कानाचा नाही. बरे वाटले.

१६ जानेवारी
इयरफोन सांबारात पडला. पुसला. चालतो.

२ फेब्रुवारी
आयुष्यातला मोठा दिवस. तिरुविडैमरुदूरच्या रामभजन मठाचे चंद्रमौळी मामा ऑफिसात आले. रामनवमीच्या उत्सवात दरवर्षी सीता स्वयंवर करणाऱ्या बुवांच्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे. मामा म्हणाले, "हयग्रीव राव, तुमचे अप्पा तीस वर्षं हेच आख्यान करायचे. तुम्हाला येतं ना?"
म्हटले, "येतं म्हणजे? रक्तात आहे!"
मामा म्हणाले, "रक्तात आहे ते ठीक. तोंडात आहे ना?" विनोदी माणूस.
अप्पा गेल्यापासून मला कोणी कीर्तनाला बोलावले नव्हते. लोकांना माझी भीती वाटत असावी.
घरी सांगितले. स्वयंपाकघरात काहीतरी पितळी पडले. कृष्णवेणीला आनंद झाला की असे होते.

५ फेब्रुवारी
रिहर्सल. जनकाचा दरबार छान झाला. पुढे थांबलो. माझी स्मरणशक्ती उत्तम आहे, फक्त बोलावल्यावर येत नाही, आपल्या वेळेने येते. तेवढ्यात आतून, इडलीचे पीठ वाटता वाटता, कृष्णवेणीने पुढचे पद, साकी, म्हटली. चालीसकट. मी पुढे गेलो, पुन्हा थांबलो, पुन्हा आतून साकी. शेवटी सांगितले, मधे मधे बोलू नकोस, लिंक तुटते.
ती लग्न होऊन आली तेव्हा अप्पा रोज संध्याकाळी हॉलमध्ये म्हणायचे, आणि ही आत काम करायची. तिला ते आयतेच मिळाले. याला अभ्यास म्हणत नाहीत. रसमचा वास पदराला लागतो तसे ते लागले आहे.

८ फेब्रुवारी
कल्पना सुचली. बस स्टँडवर, कापी पिताना.
आख्यान कॅसेटवर घ्यायचे. वॉकमन कमरेला, धोतराच्या निऱ्यांत. वायर पाठीवरून, उपरण्याखालून. इयरफोन पागोट्याखाली कानात. कॅसेट एक ओळ सांगणार, मी ती फुलवणार. यात फसवणूक काहीच नाही. मोठमोठे पुढारी कागद बघून बोलतात. मी कागदसुद्धा बघणार नाही.
कृष्णवेणीला सांगितले. ती म्हणाली, "अवो, अजून दीड महिना आहे. रोज थोडं म्हटलंत तर पाठ होईल की."
तिला टेक्नॉलॉजी समजावून सांगितली. ती ऐकत होती, पण तांदूळ निवडत.

१० फेब्रुवारी
रेकॉर्डिंग. माझ्या आवाजात घ्यायचे होते, पण मला आठवेपर्यंत कॅसेट संपत होती. म्हणून तिच्या आवाजात. टू-इन-वन टेपरेकॉर्डर स्वयंपाकघरातच ठेवला, कारण तिला वेळ नाही. मधे एकदा दूध उतू गेले. एकदा शेजारची शिवकामी कढीपत्ता मागायला आली. पुन्हा रेकॉर्ड करू का, असे कृष्णवेणीने विचारले. म्हटले, गरज नाही. ऐकताना तेवढे मी गाळीन. मी काय पोपट आहे?

१३ फेब्रुवारी
ट्रायल. वरचा सा लावला की जबडा हलतो, जबड्याने कान हलतो, आणि इयरफोन बाहेर. जनक, विश्वामित्र, सगळे खांद्यावर.
प्रश्न यंत्राचा नाही, फिटिंगचा आहे. इयरफोनला वरून काहीतरी जोड हवी. अटॅचमेंट. सोनीला एवढे सुचू नये?

१४ फेब्रुवारी
अटॅचमेंट पहिली: कापूस. इयरफोनभोवती गुंडाळून आत बसवला. राहिला. पण सीतेला जणू सर्दी झाली आहे. शिवाय ऑफिसात दोघांनी विचारले, कान फुटला का? एकाने तेल सुचवले.

२१ फेब्रुवारी
दुसरी: जुन्या हवाई चपलेच्या रबराचे कडे. ब्लेडने कापले, मधे भोक पाडले. आवाजाला एकदम वजन आले! मृदंगाचा धुम्म ऐकू येऊ लागला. मी आनंदाने ओरडलो. कृष्णवेणी म्हणाली, चप्पल कानात घालून देवाचं नाव घेणार? मुद्दा धार्मिक होता, त्यामुळे सोडून दिला. वासही होता.

२८ फेब्रुवारी
तिसरी: सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, इयरफोनच्या तोंडाला जोडून. सरळ कानात आत. काय तो आवाज! कृष्णवेणी डोक्याच्या मध्यभागी बसून गाते आहे असे वाटले. लग्नानंतर प्रथमच तिचे बोलणे इतके स्पष्ट ऐकले.
नळी आत राहिली. खोबरेल तेल, केसाची पिन आणि शिवकामी, असे मिळून काढली.

६ मार्च
युरेका. शाईच्या ड्रॉपरचा रबरी टोपा! टोकाकडचा भाग कापला, भोक ठेवले, उलटा करून इयरफोनवर चढवला. कानात दाबला की स्वतः बसतो, बाहेरचे जग बंद. वर चष्म्याच्या जुन्या काडीचा आकडा, कानामागून. डोके झटकले, उडी मारली, दंड काढले. हलत नाही! दोन्ही कानांना केले, म्हणजे स्टीरिओ.
नाव ठेवले: हयग्रीव कर्णभूषण. पेटंट घ्यायचे. मद्रासला जावे लागेल. जपानला कळवायचे की नाही, ते पेटंटनंतर ठरवू.
संध्याकाळी वेंकटेशला पत्र टाकले, सिंगापूरमध्ये ड्रॉपर स्वस्त मिळतात का.

९ मार्च
कृष्णवेणी बराच वेळ समोर उभी राहून काही सांगत होती. मला काहीच ऐकू येत नव्हते. फिटिंग शंभर टक्के यशस्वी.

१५ मार्च
मृदंगवाले कृष्णमूर्ति घरी रिहर्सलला आले. सज्जन पण जुन्या वळणाचे. म्हणाले, "राव, तुम्ही माझा ताल ऐकताय का?" मी नंतर कळवतो म्हटले. त्यांनी काय विचारले ते कृष्णवेणीने मग लिहून दाखवले.
एक कान मोकळा ठेवा, असा त्यांचा सल्ला. एका कानाने ऐकायचे तर स्टीरिओ कशाला केला? शिवाय ताल आतून येतो.

२१ मार्च
उद्या कीर्तन. तयारी पूर्ण. पाठ करण्याचा वेळ वाचल्यामुळे पागोट्याचे पाच प्रकार करून पाहिले. ऑफिसात सर्वांना बोलावले. नोकरी सोडून पूर्णवेळ कीर्तन केले तर पेन्शनचे काय, हे सुपरिंटेंडेंटना विचारून ठेवले. ते माझ्याकडे बघत राहिले. प्रभावित.
कृष्णवेणी म्हणाली, बॅटरी नवी घाला. जुनी चालते आहे. उगाच खर्च.

२३ मार्च, सकाळ
कान दुखतो आहे, पण सगळे लिहून ठेवतो. इतिहास आहे.
मठ भरला होता. आपली जुनी मराठी घराणी पुढे, तमिळ मंडळी मागे, बायका उजवीकडे. मी निऱ्यांत हात घालून बटण दाबले, चिपळ्या घेतल्या. सुरुवात अप्रतिम. कृष्णवेणी आत सांगत होती, मी बाहेर फुलवत होतो. लोक चकित. त्यांचे मला ऐकू येत नव्हते, पण चेहरे दिसत होते.
मग चंद्रमौळी मामा हार घालायला आले. हार, मग चंदन, मग शाल. मधे थांबावे लागले. कॅसेट थांबली नाही. बटण निऱ्यांत, आणि दोन्ही हातांत शाल. पुन्हा सुरू करेपर्यंत कॅसेट पुढे गेली होती. पण अनुभवी माणूस घाबरत नाही. जिथे होती तिथून पकडले. जनक उठला, त्याने सभेकडे पाहिले, आणि मी त्याची प्रतिज्ञा खणखणीत आवाजात सांगितली: "जो कोणी हे धनुष्य उचलील, त्याला... शिवकामी, कढीपत्ता दाराशीच आहे, तोडून ने!"
मठात प्रचंड हशा. विनोद असा अचानक यायला लागतो. शिवकामी तिथेच बसली होती. तिने पदर तोंडाला लावला.
पुढे रावण आला. कॅसेटचा आवाज हळूहळू जाड आणि संथ होऊ लागला. मला वाटले, कृष्णवेणी रावण करते आहे, काय कला! मीही तसाच जाड आणि संथ झालो. पण मग सीताही तशीच बोलू लागली. मीही. कृष्णमूर्तींचे हात दोन थापांच्या मधे हवेत थांबू लागले. मग सीता एका शब्दाच्या मधोमध थांबली.
बॅटरी.
कानांत पूर्ण शांतता. बाहेरूनही काही येईना, फिटिंग तसे आहे. समोर माणसेच माणसे, सगळी माझ्या तोंडाकडे बघत. अप्पा याच जागी उभे राहायचे. कर्णभूषण ओढून पाहिले. निघेना.
मग लोकांचे चेहरे एकदम उजवीकडे वळले. पाहिले तर बायकांमध्ये कृष्णवेणी उभी. तिचे ओठ हलत होते. कृष्णमूर्तींचे हात पुन्हा चालू लागले, भराभर. पुढे बसलेले म्हातारे मान डोलवू लागले. मी ताबडतोब परिस्थिती सांभाळली: हातवारे सुरू केले. तिच्या ओठांवरून अंदाज घेत धनुष्य उचलले, वाकवले, मोडले. नंतर कळले, तेव्हा सीता माळ गुंफत होती.
शेवटी टाळ्या. मी वाकून स्वीकारल्या. चंद्रमौळी मामा आम्हा दोघांशी बराच वेळ बोलले. मी मान डोलावली. बसमध्ये कृष्णवेणी काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा. तारीफ असावी. मी प्रत्येक वेळी मान डोलावली.
एकंदर कीर्तन यशस्वी.

२३ मार्च, दुपार
कानाच्या डॉक्टरकडे. उजवा टोपा लगेच निघाला, डाव्याला चिमटा लागला. डॉक्टर म्हणाले, कानात कोपराखेरीज काही घालू नये. कोपर कानात जात नाही, असे मी म्हणालो. ते म्हणाले, तेच. दोन्ही टोपे त्यांनी ठेवून घेतले. केराच्या डब्यात ठेवले, पण अभ्यासासाठीच असणार.

२४ मार्च
चंद्रमौळी मामा ताट घेऊन घरी आले. विडा, फळे, नवी साडी. साडी बघून जरा गोंधळलो. मी पाट मांडला, बसलो. मामांनी ताट माझ्यासमोरून पुढे नेले आणि कृष्णवेणीला दिले. रविवारी उत्सवाची समाप्ती आहे, पट्टाभिषेकाचे, म्हणजे रामाच्या राज्याभिषेकाचे, आख्यान तिने करायचे.
म्हटले, मला विचारायला हवे होते. मामा म्हणाले, "राव, तुम्हाला मठात, सगळ्यांसमोर, तीनदा विचारलं. तुम्ही तीनदा हो म्हणालात. केवढं मोठं मन!"
कृष्णवेणी म्हणाली, "बसमध्ये मीही विचारलं. तुम्ही नको म्हणाला असता तर मी गेले नसते."
ती हे इतक्या हळू आवाजात म्हणाली, की एरवी मला ऐकू आले नसते.
मोठ्या मनाचा आहे म्हटल्यावर आता काय करणार. पट्टाभिषेक तुला येतो का, असे विचारले. ती म्हणाली, अप्पा तोही म्हणायचे. आणि मग म्हणाली की एकदा अप्पांनी तिला बाहेर बोलावून दिंडीच्या चालीचे एक पद म्हणायला लावले होते. मी तेव्हा घरी नव्हतो. "छान म्हणाले," एवढेच सांगितले आणि आत गेली.

२५ मार्च
ती रिहर्सल करते. मी स्वयंपाकघरात. दूध उतू गेले.

२८ मार्च
कालचे लिहितो. मला मागे बसवले, कृष्णमूर्तींच्या डावीकडे, झांजा देऊन. कृष्णमूर्ति म्हणाले, हळू वाजवा. मग म्हणाले, अजून हळू. मग म्हणाले, नुसत्या धरल्या तरी चालेल.
नवी साडी नेसून ती उभी राहिली. पहिल्या ओळीला आवाज कापला. मी पुढे सरकलो, मदतीला. काय मदत करणार होतो कोण जाणे. दुसऱ्या ओळीला ती सावरली. भरत पादुका परत देतो तिथे अप्पा एक श्वास थांबायचे. तीही थांबली. सबंध मठ थांबला. मी झांजा वाजवायच्या विसरलो, आणि पहिल्यांदाच कृष्णमूर्तींनी माझ्याकडे समाधानाने पाहिले.
पुढच्या वर्षीची सुपारी तिला तिथेच मिळाली. चोळपुरमचेही एक बोलावणे आले आहे. मी ऑफिसात सांगितले की पेन्शनची चौकशी तूर्त नको.
परतीच्या बसला गर्दी. कृष्णवेणीला पुढे जागा मिळाली, मला मागे. माझ्या पुढच्याच सीटवर मठातल्या दोन म्हाताऱ्या. एक म्हणाली, "तो झांजवाला कोण ग?"
दुसरी म्हणाली, "बाईंचा नवरा. ऐकू येत नाही बिचाऱ्याला. पण त्या सांभाळून घेतात."
सगळे स्पष्ट ऐकू आले.