अंबूबाईंचं वारूळ

ती. आईस,
इथूनच तुझ्या पायांना हात लावतो. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

काम हलकं आहे. वारूळ आतून गार कसं राहतं ते बघायचं आणि तशा इमारतीचा आराखडा काढायचा. मी हिंडून वारुळं शोधतो, स्कॅनरने टिपतो, मग बेळ्ळंदूरच्या ऑफिसात दिवसभर ती संगणकावर फिरवत बसतो. इथल्या खिडक्या उघडतच नाहीत. काल काचेबाहेर घार बसली होती, अर्धा तास तिलाच बघत होतो.

सगळ्यात देखणं वारूळ के. आर. पुरमच्या पुढे अंबूबाईंच्या शेतात आहे. त्या त्याला हळदकुंकू वाहतात. म्हणाल्या, "फोटो काढ बाळा, पण हात लावायचा नाही. सरी?" मी म्हटलं, "सरी, अक्का." कानडीत सरी म्हणजे बरं.

आता आमच्या स्मिता मॅडमना आतली भुयारं हवीत. सोमवारी त्यात प्लास्टर ओतून ते कापायचं म्हणे. मी शब्द दिलाय म्हटलं, तर हसल्या. "श्रीरंग, वाळवीला कसला शब्द देतोस? बाईंना नंतर सांगू."

जागा मला एकट्यालाच माहीत आहे. संगणकातली नोंद मी आज खोडली.

काळजी करू नकोस. फक्त नोकरीला लागताना ठेवून घेतलेलं माझं दहावीचं मूळ मार्कशीट ऑफिसच्या कपाटात आहे, ते आता परत मिळेलसं वाटत नाही. दुसरी प्रत मिळते का, शाळेत विचारून ठेव. बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस.

तुझाच,
श्रीरंग