कापलेला खोकला

१२ नोव्हेंबर, बाग सेवनिया

संध्याकाळपासून तो खोकला कानातून जात नाही. मिसरोदच्या देवधरकाकांची मुलगी नागपूरहून भेटायला आली होती. काका मार्चमध्ये माझ्या शेतीच्या पॉडकास्टवर गव्हाच्या जुन्या वाणांबद्दल बोलले होते. गेल्या महिन्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले.

“ताई, डॉक्टर म्हणाले, खोकला फार जुना असणार. पण तुमच्या पॉडकास्टमध्ये तर बाबा एकदाही खोकले नाहीत!”

खोकला होता. सारखा होता. ऐकणाऱ्यांना त्रास नको म्हणून मीच रेकॉर्डिंगमधून एकेक ठसका कापला. आणि काकांना साधं विचारलंही नाही. का नाही विचारलं?

शेवटी कबूल केलं, मूळ रेकॉर्डिंग लावलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली.

“म्हणून बाबा माझा फोन लगेच ठेवायचे,” एवढंच म्हणाली.