अडतीस कोटींचा आकडा आणि कल्याणचे पाहुणे

नारपोली, भिवंडी
१४ जून १९८७

प्यारी हमिदा आपा,

अस्सलाम अलैकुम. तुझे गुडघे कसे आहेत? माझगावचे तीन जिने दिवसातून कितीदा चढतेस? इथं आम्ही सगळे खुशाल आहोत. (तुझी भावजय सफिया दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, पण तब्येतीनं खुशाल.)

आपा, अशी एक संख्या हाती लागलीय की मला घास गिळवत नाही! ३८१६५४७२९. अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस. एक ते नऊ, प्रत्येक आकडा एकदाच. (थांब, खरी गंमत पुढंच आहे.) डावीकडून पहिले दोन आकडे घे, अडतीस, दोनानं भाग जातो. तीन घे, तीनशे एक्याऐंशी, तिनानं जातो. चार घेतले तर चारानं, पाच घेतले तर पाचानं, असं करत सगळे नऊ घेतले की नवानं! बाकी कुठंच उरत नाही. आणि एक ते नऊ एकेकदाच वापरून असं वागणारी दुसरी संख्याच नाही! शुक्रवारी लूमजवळ उभा राहून मी हेच भागत होतो, लूम दुरुस्त करणारा आमचा जॉबर हिरामण ओरडत होता, "शेट, सुताची तार तुटलीय!" मी म्हटलं, "तुटू दे, सातानं पण जातंय!" चाळीस मीटर कापडात मधोमध फट पडली.

त्याच संध्याकाळी कल्याणचे हसनभाई मुलाला घेऊन आमच्या साजिदाला बघायला आले. सफियानं तांदळाची गोड सांदणं वाफवली होती. मुलगा बी.कॉम., इस्त्रीचा शर्ट, हिशेबात पक्का म्हणे. मला राहवेना. पहिले सात आकडे त्याच्यापुढं ठेवले, म्हटलं, सातानं भाग. बिचाऱ्यानं रुमालानं कपाळ पुसत तीनदा भागाकार केला. (तिन्ही वेळा बाकी वेगवेगळी.) शेवटी म्हणाला, "न्हाय जात." तोच आतून, पडद्यामागून, साजिदाचा आवाज, "जातो! पाच लाख पंचेचाळीस हजार दोनशे एकवीस!"

मुलानं पुन्हा करून बघितलं. तेवढंच आलं. हसनभाई उठले, म्हणाले, "मुलगी हुशार हाय, फखरुद्दीनभाई. आम्हाला इतकी नको." सांदणांना हातही लावला नाही. आपा, मला वाईट वाटायला हवं होतं. मी मात्र दार लावून हसत सुटलो, आणि साजिदाही.

तुझा भाऊ,
फखरुद्दीन

ता.क. संख्या हाती लागली म्हणालो, ती माझ्या हाती नव्हे. तीन महिने खपून साजिदानं शोधली, सुताच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर. मला वाटायचं पोरगी भरतकामाची नक्षी काढते.

ता.क. दुसरा. बारावीला तिला गणितात सत्त्याण्णव आहेत. कॉलेज तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. वर्षभर मी नाही म्हणत होतो. तीन वर्षं ठेवशील?

ता.क. तिसरा. हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. ज्या पोरीनं आत्ता तुझ्या हातात दिलं, तिला आधी पाणी दे. ट्रंक खाली जिन्याशी आहे.