किसनरावांचा जाड फॉन्ट

सेलू, एप्रिल २००१

रा. रा. किसनराव यांस, ताराचंदचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आम्ही सर्व खुशाल आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवावे. तुम्ही कळवणार नाही हे ठाऊक आहे, पण विचारायची रीत मी सोडत नाही. सिंदी मेघेहून सेलू काही काशी नव्हे, तरी घरभरणीच्या पत्रिकेत तुमचं नाव माझ्या धाकट्या साडभावाच्या खाली छापलं गेलं आणि तुम्ही भरल्या ताटावरून उठून गेलात, त्यानंतर तुमचं पाऊल या गावाला लागलं नाही. ते असो. तुमच्या भाचीचं, प्रेरणाचं लग्न ठरलं हे तुम्हाला कळलंच असेल.

आता मूळ गोष्ट. प्रेरणाच्या शिक्षणासाठी घरी कॉम्प्युटर घेतला, हेही तुमच्या कानावर असेल. किसनराव, काय वस्तू आहे हो! मी जन्मभर भांड्यांच्या दुकानात बसून लोकांच्या ताटवाट्यांवर नावं घातली. पण माझं अक्षर एकच, थोडं डावीकडे कललेलं (कोणाच्याही घरी जेवायला गेलो की वाटी पाहूनच कळतं, आपल्या दुकानची). आणि या डब्यात अक्षरांची शेकडो वळणं! नागपूरला सीताबर्डीवरून एक सीडी आणली. ती आत सरकवली, प्रेरणाने दाखवल्याप्रमाणे फॉन्टच्या खोक्यात सगळे फॉन्ट भरले, आणि यादी उघडली तर ती संपेचना. एक ‘क’ लाजरा, एक पोट सुटलेला, एक हवालदारासारखा ताठ. मी एकटाच ‘वा, वा’ करत बसलो होतो. कमला स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली, कोण पाहुणे आले म्हणून.

तेव्हाच मला युक्ती सुचली. आपल्याकडे लग्न मोडत नाही, पत्रिकेवरून माणसं मोडतात. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोणाचं बारीक. म्हणून मी ठरवलं, प्रत्येक मानकऱ्याला स्वतंत्र फॉन्ट. खाली असला तरी आपलं अक्षर वेगळं, या समाधानात माणूस जेवून जाईल. तुमच्यासाठी मी सगळ्यांत भारदस्त निवडला, जाड, झुपकेदार, मिशी असल्यासारखा. ‘मामा : श्री. किसनराव’. मी ते पाहिलं आणि खरं सांगतो, उठून उभा राहिलो.

पण एवढ्या फॉन्टच्या ओझ्याने कॉम्प्युटर धापा टाकू लागला. बटण दाबून अंघोळ करून यावं, तरी हा आपला उठतोच आहे. दुकानदार माणूस मी, काम झालेला माल मांडणीवर ठेवत नाही. भांड्यावर एकदा नाव घातलं की मशीन भंगारात विकली तरी नाव काही पुसलं जात नाही. तसंच इथेही, तुमचं नाव तर टाइप होऊन गेलं होतं, मग तो फॉन्ट आत ठेवून करायचं काय? सगळ्यांत जाड तोच दिसत होता, म्हणजे सगळ्यांत जड तोच असणार. मी तो काढून टाकला.

त्यानंतर पत्रिकेचा कागद छापून काढला, तर तुमच्या नावाच्या जागी एक महिरपी कंस, एक डॉलर, इंग्रजी झेड, मध्ये उद्गारचिन्ह असं काहीतरी उमटलं होतं. (मी ते पाहिलं. पाहिलंच नाही असं म्हणणार नाही.) मला वाटलं, बाकी सगळ्यांना नुसती अक्षरं आणि मामांच्या नावाला या यंत्राने आपल्या मनाने वेलबुट्टी काढली. त्याची ही समज पाहून माझे डोळे पाणावले. छापखानेवाल्याने विचारलं, ‘हे काय हाये?’ मी ऐटीत म्हणालो, ‘डिझाइन!’ तोही मान हलवून सगळ्या पत्रिका छापून मोकळा.

पहिली पत्रिका गणपतीला ठेवायला आम्ही दोघं केळझरला गेलो. ठेवण्याआधी कमला एकेका नावावर बोट ठेवून वाचू लागली आणि त्या डॉलरवर तिचं बोट अडलं. ‘काऊन जी, माह्या भावाचं नाव कुठं हाये?’ मी वेलबुट्टी समजावू लागलो, तर ती तिथेच पायरीवर बसली. ‘आता तर त्याचं नावच नाई राह्यलं,’ एवढंच म्हणाली. घरी आल्यावर प्रेरणाने कपाळाला हात लावला. ‘बाबा, फॉन्ट काढल्यावर अक्षरं कशी राहतीन?’ सीडी पुन्हा घातली तर ती ओरखडे पडून मुकी झालेली. नव्याने छापायला छापखानेवाल्याला लगीनसराईत सवड नाही.

तर लग्न अक्षय्य तृतीयेला आहे. पत्रिका सोबत आहेच. यावं, ही विनंती.

आपला,
ताराचंद

ता. क. सोबतच्या पत्रिकेत तुमचं नाव नीट दिसेल. त्या डॉलरवर कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवून कमलाने ते हाताने लिहिलं आहे. एकाच पत्रिकेवर नाही, सगळ्यांवर. मी म्हटलं मी लिहितो, तर हात लावू दिला नाही. लहानपणी तिला अक्षरं तुम्हीच शिकवली म्हणे, आणि पाटीवर पहिल्यांदा तुमचंच नाव गिरवायला लावलं. (तेव्हापासूनच तुम्हाला आपल्या नावाची एवढी काळजी!) ती मांडी घालून लिहीत होती आणि मी पाहत होतो. किसनराव, त्या सीडीतले सगळे फॉन्ट मी पाहिले. असा एकही नव्हता.

आणखी एक. मुलीला बोहल्यावर मामाने आणायचं असतं. मी दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. कमला तुम्हाला ‘ये’ म्हणून निरोप पाठवणार नाही, कारण तीही तुमचीच बहीण. पण तुमच्यासाठी पितळी ताट तिने आत्ताच घासून ठेवलंय.

शेवटचं. शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत येता येता तिला भान राहिलं नाही, ‘श्री. किसनराव’ लिहायचं सोडून ती नुसतं ‘दादा’ लिहीत गेली. नेमका तोच गठ्ठा नवरदेवाकडे गेला आहे. आता त्यांचं सगळं गाव विचारतंय, हे ‘दादा’ कोण? मी काय सांगू? तुम्ही स्वतः येऊन उभे राहा.