गळकं कुंड

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चर्चचं काम कसं झालं म्हणून विचारलंस. ऐक. चुन्याच्या भिंतींवर गुलाबी ऑइलपेंट चोपडलाय. वेदीच्या पायऱ्यांना न्हाणीघरातल्या फरशा. बाबा चर्चची देखभाल करायचे तेव्हा ज्या बाकांना तेल पाजायचे, त्यांवर तपकिरी रेक्झिन ठोकलंय. उठताना नको तो आवाज येतो. कमानीत प्लॅस्टिकची फुलं, त्यांवर जळमटं. चर्च समितीचे अध्यक्ष म्हणतात, आता कसं चकाचक!

सगळ्यात किळस आली ती बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाची. ते मागच्या पडवीत पडलंय. रंगारी त्यात ब्रश धुतात, सिगारेटी विझवतात. ज्यात तुझं-माझं डोकं भिजलं, त्यात! जागेवर स्टीलचं घमेलं आलंय. तुझ्या नातीचा बाप्तिस्मा दीड महिन्यावर आला. सूनबाईला काय सांगू?

लोभ आहेच, तो या चिडचिडीसकट असू दे.

तुझी धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्रातूनही तुझं मुरडलेलं नाक दिसलं. लहानपणी दुधावरची साय पाहून असंच करायचीस. रेक्झिनवर मी बसेन आणि आवाज आला की फादरांकडे बघेन. पण कुंडाचं हसण्यावारी नेणार नाही. नातीला घमेल्यावर धरायचं असेल तर आम्ही येतच नाही. इतकी वर्षं टिकलेल्या दगडाला एकाएकी काय झालं, ते अध्यक्षांना विचार.

तुझा दादा

१७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तावातावाने विचारायला गेले. अध्यक्षांनी शांतपणे नोंदवही पुढे केली. दरवर्षी चर्चमधल्या वस्तूंची यादी मीच लिहिते, तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षीच्या पानावर माझ्याच वळणदार अक्षरात होतं: कुंड गळतं. रविवारी भरलेलं पाणी सोमवारी नाही. निरुपयोगी.

तीनदा तपासून लिहिलं होतं रे. प्रामाणिकपणाच्या तोऱ्यात. आता त्या अक्षराचीच शिसारी येते.

रागावलास तरी पत्र पाठव.

धाकटी

२२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, कुंडाला भोक आहेच! आशीर्वादाचं पाणी गटारात जाऊ नये म्हणून ते तळातून थेट खालच्या मातीत सोडतात. बाबा त्याला मेण लावलेलं लाकडी बूच बसवायचे, दरवर्षी नवं. तू तेव्हा कॉलेजात पुस्तकांत डोकं खुपसून होतीस. बाबांनंतर कुणी बदललं नसणार, कुजलं असेल.

माझंही चुकलं. हे कुणाला तरी सांगून ठेवायला हवं होतं.

तुझा दादा

८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भर सभेत सांगितलं. अध्यक्ष हसले, म्हणाले, बाई, गळतं हे तुम्हीच लिहिलंत, आता बूच बदनाम का? मग गवंड्याने घमेल्याखालची नवी फरशी उचकटली. खाली बोटभर भोक, आत ओली काळी माती.

अध्यक्षांनी कुंड घासायचं काम माझ्याच गळ्यात घातलं. बरोबरच आहे. तीन दिवस राख, रंग, थुंकीसुद्धा खरवडली. दोनदा ओकारी आली. नखांत अजून गुलाबी आहे. बाकाच्या मोडक्या पायातून सुताराने बूच कापून दिलं, मेण मी लावलं. कुंड जुन्या जागी बसवून रविवारी भरलं. सोमवारी पाणी काठाशी होतं.

वहीतली जुनी ओळ खोडली नाही. खाली लिहिलं: कुंड गळत नव्हतं. पाहणारी चुकली. बूच दरवर्षी बदलावे.

बाळाला घेऊन या. रेक्झिन तसंच आहे. पहिल्या बाकावर तुझी जागा धरून ठेवते.

तुझी धाकटी