आमची टोळी टोळीच नव्हती

ती. एदुविहेसमावशीस,

रोहेलियोचा तुरुंगातून वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणताहेत? साखर तपासलीस का? (नसशीलच. गोड पाव दिसला की तुला डॉक्टर दिसत नाही.) मी खुशाल आहे आणि थक्क आहे, म्हणून लिहायला बसलो.

अपिलाचा निकाल आला. शेजारच्या एफ्राइनच्या खुनाची किमान पंधरा वर्षं, आणि खून टोळीसाठी केला म्हणून वर वाढीव पंचवीस, हे तुला पाठच आहे. (गोळी आमच्यातल्या लालोने झाडली, मी गाडी चालवत होतो, पण टोळी म्हटली की बंदूक सगळ्यांची.) अपिलासाठी सरकारने नेमून दिलेल्या वकीलबाई ताचिबाना मला एकदाही भेटल्या नाहीत. पण खटल्याची तीन हजार पानं त्यांनी वाचली गं! मी स्वतः माझं आयुष्य इतकं लक्ष देऊन जगलो नाही. आणि त्यातून शोधलं काय, तर आम्हाला टोळी म्हणायची सोयच नाही. टोळीच्या बैठकीला आम्हा सातांपैकी तिघेच आले, बाकीच्यांना घरच्यांनी सोडलं नाही. (तुझंही नाव आहे, पान अठराशे चौतीस.) पलीकडच्या गल्लीवर धाक बसवायला निघालो तर पेट्रोल संपलं, आणि गाडी त्याच गल्लीतल्या पोरांनी ढकलून दिली. पोलिसांचा जाणकार शपथेवर सांगत होता, यांचा म्होरक्या आहे, यांना शिस्त आहे. बाईंनी त्याच्याच साक्षीवर बोट ठेवून विचारलं, कुठली शिस्त?

वाचून आधी नाकाला मिरच्या झोंबल्या. नऊ वर्षं मी इथे त्या टोळीच्या नावावर मान ताठ ठेवून फिरलोय! कोठडीतला कूको तर लोळून हसला. "तुमच्यापेक्षा माझ्या आईचं जपमाळ मंडळ खतरनाक आहे, लेका!" म्हणाला. पण तिन्ही न्यायाधीशांना पटलं. पंचवीस गेली, मावशी! आणखी सहा वर्षांनी सुटकेसाठी अर्ज करता येईल. तेव्हा तू सत्याहत्तरची असशील. जगायचं हं, सबबी चालणार नाहीत. परक्या बाईने माझ्यासाठी एवढं वाचावं, अजून खरं वाटत नाही.

तुझा,
रोहेलियो

ता. क. हे वाचून तू अंगणात बँडवाले बोलावशील, गल्लीभर मक्याचे गरम तमाले वाटशील. नको.

पुन्हा ता. क. एफ्राइनची आई अजून शेजारीच राहते ना? पोरगा टोळ्यांच्या वैरात गेला, एवढं तरी ती लोकांना सांगायची. आता कोर्टानेच लिहून दिलंय की तो उगाच मेला. तिला हे दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नकोस. तू जा. काय बोलायचं ते मलाही सुचत नाही. नुसती बस तिच्याजवळ.